मॅडमच्या डोक्याला हात कोण लावणार?

सोमवारी सकाळी ओफोरीवा मॅडमनी नवी वही उघडली, पट्टीने पाच रकाने आखले आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं, 'वेणीवाली : निवड'. रकान्यांची नावं अशी : हात, जीभ, फणीची स्वच्छता, कानशिलं आणि धीर. प्रत्येकाला वीस गुण. उत्तीर्ण व्हायला नव्वद.

"ताई, वेण्या घालून घ्यायच्यात की बोर्डाची परीक्षा घ्यायचीय?" धाकट्या बहिणीने, आसाबेआने, तळलेल्या बोफ्रोटचा गोड तुकडा लापशीत बुडवत विचारलं.

"एकतीस वर्षं शाळा चालवलीय मी. पन्नासेक शिक्षिका अशाच निवडल्या. एक तरी वाईट निघाली?"

"गणिताची ती पाद्र्याबरोबर पळून गेली ना?"

"गणित चांगलं शिकवायची," मॅडम म्हणाल्या आणि वही पिशवीत टाकली. पिशवीत सहा इंची पट्टी आधीपासूनच होती. पट्टीशिवाय मॅडम चर्चलासुद्धा जात नसत.

आता ही निवड एवढी महत्त्वाची का, ते सांगायला हवं. येत्या शनिवारी सेंट प्रिसिला मुलींच्या शाळेत नव्या सभागृहाचं उद्घाटन होतं आणि सभागृहाला मॅडमचं नाव दिलं जाणार होतं. आक्रापासून लंडनपर्यंतच्या तीनशे बारा माजी विद्यार्थिनी येणार होत्या. आणि या तीनशे बारा जणींचा एका गोष्टीवर ठाम विश्वास होता. ओफोरीवा मॅडमना टक्कल आहे.

शाळेतल्या मुलींनी केस बारीक कापून यायचं, हा नियम तिकडे सगळीकडेच आहे. पण बाकीच्या शाळांत नुसता नियम होता, कोफोरिदुआच्या सेंट प्रिसिलात ओफोरीवा मॅडम होत्या. सत्राच्या पहिल्या दिवशी त्या फाटकात उभ्या राहत, एका हातात पट्टी, दुसऱ्या हातात कात्री. केस दोन बोटांपेक्षा लांब दिसला की कच्च! मंत्र्याची मुलगी असो की मासळीवालीची, कात्री एकच. आणि हे करताना स्वतः मॅडमच्या डोक्यावर मात्र केसांचा काळाभोर टोप असे. डाव्या बाजूला भांग, बोर्डासारखा गुळगुळीत. वाळवंटावरून येणाऱ्या कोरड्या वाऱ्यात शाळेची पत्र्याची छपरं उडाली, पण त्या टोपाची एक बट हलली नाही. त्याच्याखाली काय आहे ते कुणीच कधी पाहिलं नव्हतं. मुलींनी मग आपापलं ठरवून टाकलं.

"स्वतःला केस नाहीत, म्हणून आपले कापते," हे वाक्य मॅडमनी एकदा वसतिगृहाच्या खिडकीखालून जाताना स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलायचं तर टोप काढून दाखवावा लागला असता आणि ते काही शिस्तीत बसत नव्हतं. पण ते वाक्य सव्वीस वर्षं त्यांच्या पोटात घड्याळासारखं टिकटिकत होतं.

निवृत्त झाल्यावर कातडीच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं, "हा टोप फेका. केस सरळ करायची ती औषधंही फेका. जसे आलेत तसे वाढू द्या आणि टोकं आत दडवून जपणुकीच्या वेण्या घाला. फक्त वेणी घालणारी नीट निवडा. चुकीच्या हाताने ओढले तर कानशिलांवरचे गेलेच म्हणून समजा." मॅडमनी चौदा महिने डोक्याला रुमाल गुंडाळून केस वाढवले. आता ते कापसाच्या बोंडासारखे दाट झाले होते, अर्धे पांढरे, अर्धे काळे, ओढून धरले तर वीतभर. शनिवारी सगळ्या सभेसमोर हा रुमाल सुटणार होता. त्याच्याआधी हे केस कुणाच्या हाती द्यायचे, एवढाच प्रश्न होता.

आणि मॅडमना वाटत होतं की हा प्रश्न बुधवारपर्यंत सुटेल.

तपासणीचं त्यांचं एक तत्त्व होतं. आधी सांगून गेलं की लोक दाखवायपुरतं काम करतात, न सांगता गेलं की खरं दिसतं. म्हणून गिफ्टीच्या 'प्रभू पुरवील केशालया'त त्या काही न सांगता शिरल्या.

आत चार बायका कामात होत्या, तीन गिऱ्हाइकं खुर्च्यांवर होती आणि रेडिओवर कुणीतरी प्रवचन देत होता. मॅडम उंबऱ्यात दिसल्या, त्याबरोबर रेडिओ बंद झाला आणि सातही जणी उभ्या राहिल्या.

"गुड मॉर्निंग, मॅडम!"

सातही जणी सेंट प्रिसिलाच्या. गिफ्टीच्या तोंडात फणी होती, तिने फणीसकट म्हटलं.

"बसा. काम चालू द्या," मॅडम म्हणाल्या आणि वही उघडून एकेका गिऱ्हाइकाच्या मागे जाऊन उभ्या राहू लागल्या. दुसऱ्या खुर्चीवरच्या बाईने टॉवेल डोक्यावर ओढून घेतला. मॅडमनी तो दोन बोटांनी उचलला.

"कॉर्डेलिया ना तू?"

"हो, मॅडम." ही कॉर्डेलिया म्हणजे जिल्हा न्यायाधीश. आदल्याच आठवड्यात तिने एका दरोडेखोराला बारा वर्षांची शिक्षा ठोठावली होती.

"केस तेव्हाही तुझे मापाबाहेर असायचे," असं म्हणत मॅडमनी पट्टी काढली आणि न्यायाधीशबाईंच्या कानशिलाला लावली. वेणीवालीने कडेचे केस किती मागून घेतलेत, ते त्यांना बघायचं होतं. मग त्यांनी वेणीची लांबी मोजली, गंगावन जोडलंय का ते चिमटीने पाहिलं आणि वहीत आकडे लिहिले. गिफ्टीचा हात एवढा कापत होता की सरळ निघालेली वेणी कानाकडे वळली आणि कानाला वळसा घालून परत आली.

'हात : चार', मॅडमनी लिहिलं. "शनिवारी भेटूच," एवढं म्हणून त्या निघाल्या.

त्यांची पाठ वळते न वळते तोच न्यायाधीशबाईंनी फोन काढला. माजी विद्यार्थिनींचा फोनवर एक गट होता. मॅडम त्यात नव्हत्या, गट त्यासाठीच काढला होता. संदेश गेला : 'मॅडम दुकानोदुकानी केस मोजत फिरताहेत. पट्टी आहे. वही आहे. शनिवारी फाटकात तपासणी दिसतेय.'

दुपारपर्यंत 'दिसतेय'चं 'आहे' झालं. संध्याकाळपर्यंत 'दोन बोटांहून लांब केस असेल तर आत प्रवेश नाही' असं झालं. रात्री लंडनहून एका डॉक्टरणीने विचारलं, 'पन्नाशी उलटलेल्यांनासुद्धा?' त्यावर कुणीतरी उत्तर दिलं, 'मॅडमनी कधी वय विचारलं होतं का?'

मंगळवारी मॅडम माविसच्या दुकानात गेल्या. शाळेत असताना माविसचे केस गवतासारखे वाढत आणि मॅडमनी ते अकरा वेळा कापले होते. आता माविसच्या वेण्या कंबरेपर्यंत होत्या आणि त्यांच्या टोकांना सोनेरी मणी. चालली की किणकिण वाजत. मॅडम पट्टी घेऊन दारात उभ्या राहिल्या. माविसने एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा आरशाकडे पाहिलं, डोळे मिटले, टेबलावरची कात्री उचलली आणि स्वतःच्या वेण्या मुळापासून कराकरा कापून टाकल्या. मणी फरशीवर घरंगळत मॅडमच्या चपलेपाशी आले.

"झालं, मॅडम! नियमात आले मी!" माविस म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मॅडमनी चपलेखाली आलेला मणी बाजूला सारला. मग त्यांनी वही उघडली आणि 'धीर'च्या रकान्यात भोपळा काढला.

घरी आल्यावर त्या आसाबेआला म्हणाल्या, "हात चांगला आहे पोरीचा. पण जिला स्वतःच्या केसांची दयामाया नाही, ती माझ्या केसांचं काय करील?"

आसाबेआ त्या गटात होती. एके काळी शाळेच्या उपाहारगृहात ती पुऱ्या तळायची, त्या नात्याने तिला घेतलं होतं. दोन दिवस ती संदेश वाचून उशीत तोंड खुपसून हसत होती. ताईला सांगावं, असं तिला तीनदा वाटलं आणि तिन्ही वेळा तिने तो विचार आवरला. एकतीस वर्षं पुऱ्यांमध्ये मीठ जास्त झालं म्हणून ऐकून घेतलेल्या बाईला एवढी करमणूक चालू शकते.

बुधवारी आणि गुरुवारी मॅडम आणखी सहा दुकानांत जाऊन आल्या. सगळीकडे बाकं भरलेली आणि रांग फुटपाथवर. आत वेण्या भराभर सुटत होत्या, कात्र्या वाजत होत्या आणि कोपऱ्यांत गंगावनांनी भरलेली पोती उभी होती. मॅडमचा ऊर भरून आला. आपल्या समारंभासाठी पोरी जुन्या वेण्या काढून नव्या घालून घेताहेत, केवढं हे प्रेम!

"माझा नंबर कितवा लागेल?" शेवटच्या दुकानात त्यांनी विचारलं. रांग मोडून पुढे जाणं त्यांना स्वप्नातही जमलं नसतं.

"मॅडम, तुम्ही काळजीच करू नका!" दुकानवाली घाम पुसत म्हणाली. "शनिवारच्या आत सगळ्यांचं उरकतो. एकही राहणार नाही. शब्द देते!"

"पण माझं—"

"तुमच्या मनासारखंच होईल, मॅडम!" आणि ती कात्री घेऊन आत पळाली.

शुक्रवार उजाडला तेव्हा वहीत चौदा नावं होती आणि सगळ्यांत जास्त गुण एकेचाळीस. मॅडमचे केस मात्र रुमालाखाली होते तसेच मोकळे.

"घाल परत टोप," आसाबेआ म्हणाली.

"टोप घालून गेले तर सभागृहाच्या पाटीवर माझं नाव आणि त्यांच्या तोंडी टक्कल. त्यापेक्षा मी जाणारच नाही."

आसाबेआने हातातली पळी खाली ठेवली. ताईच्या तोंडून 'जाणार नाही' हे शब्द तिने उभ्या जन्मात ऐकले नव्हते. आता गंमत पुरे झाली, हे तिच्या ध्यानात आलं. "चल माझ्याबरोबर," ती म्हणाली. "पण तिथे वही काढू नकोस."

मण्यांच्या बाजाराच्या मागे आंब्याखाली ओतुबिया आजी बसायची. दुकान नाही, आरसा नाही, पाटी नाही. दोन बुटकी स्टुलं, लाकडी फणी, केसांना लावायच्या शिआच्या लोण्याची वाटी आणि काळ्या दोऱ्याचं रीळ. वय विचारलं तर ती म्हणे, "मोजणारे मेले सगळे." शाळेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे ओफोरीवा मॅडम म्हणजे कोण, याची तिला काही दहशत नव्हती. असं माणूस कोफोरिदुआत तेवढं एकच उरलं होतं.

"बस, पोरी," ती सहासष्ट वर्षांच्या मॅडमना म्हणाली.

मॅडमनी अर्थातच वही काढली. "आपलं शिक्षण कुठवर?"

"आण बघू ते," आजीने वही हातातून घेतली, दोनदा दुमडली आणि आपल्या डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. बसून पाहिलं. "हां, आता नीट झालं. बस खाली. डोकं पुढे."

"मी आधी तुमचं काम—"

फणीचा एक टोला खांद्यावर बसला. "तुझ्या आईच्या लग्नात तिच्या वेण्या मीच घातल्या. तीही अशीच तोंडाळ होती. मान हलवू नकोस."

आणि आश्चर्य असं की मॅडम बसल्या. आजीच्या दोन गुडघ्यांच्या मध्ये, जमिनीपासून वीतभर उंच स्टुलावर, मान खाली घालून. आजीने रुमाल सोडला, केसांत बोटं घातली आणि बराच वेळ नुसतीच टाळू चाचपत राहिली.

"चांगले आहेत गं," ती म्हणाली. "कापूस आहे नुसता. कुणापासून लपवत होतीस?"

मॅडमनी डोकं आणखी पुढे झुकवलं. त्यांच्या केसांत असा हात शेवटचा आईनेच फिरवला होता, बोर्डिंगला पाठवायच्या आदल्या संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी फाटकात एक बाई कात्री घेऊन उभीच होती.

"दुखलं तर सांग," आजी म्हणाली. "ओढून घट्ट करते ती आळशी. पेड नीट घेतला की ओढावं लागत नाही, आणि मग बैल जुंपला तरी वेणी सुटत नाही."

पाच तास झाले. मॅडम पाच तास एक अक्षर बोलल्या नाहीत. ही बातमी बाजारात पसरली तेव्हा मणी विकणाऱ्या चार बायका खात्री करायला येऊन गेल्या. काम संपलं तेव्हा कपाळापासून आणि मानेपासून निघालेल्या बारीक वेण्या टाळूला धरून वर चढत गेल्या होत्या. माथ्यावर त्या एकत्र येऊन दोऱ्याने बांधलेला एक उंच अंबाडा झाला होता, काळ्यात पांढरे पट्टे झळकणारा. सगळी टोकं आत दडलेली. राणीच्या डोक्यावर शोभावा असा मुकुट, तोही घरच्याच केसांचा.

"उद्या समारंभाला या, आजी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वही मागितली नाही.

शनिवारी निळा पायघोळ काबा घालून आणि डोक्याला त्याच कापडाचा रुमाल गुंडाळून मॅडम सभागृहाच्या दारात आल्या, तेव्हा बँड वाजायला लागला. त्या आत शिरल्या आणि मधल्या वाटेवर थबकल्या. डावीकडे, उजवीकडे, पुढे, मागे, तीनशे बारा डोकी. झाडून सगळी बारीक कापलेली. न्यायाधीश, परिचारिका, बँकवाल्या, दोन आमदार, लंडनची डॉक्टरीण, सगळ्यांचे केस दोन बोटांच्या आत. पहिल्या दिवसाची प्रार्थना भरावी तशा सगळ्या उभ्या होत्या आणि मॅडमच्या हाताकडे बघत होत्या.

मॅडम मंचावर गेल्या. बोलायला उठलेल्या बिशपसाहेबांना त्यांनी हातानेच थांबवलं.

"कॉर्डेलिया, हे कुणी कापले?"

न्यायाधीशबाई पुढे आल्या. "तुम्ही, मॅडम."

"मी?"

"म्हणजे तुम्ही मोजलेत… मग आम्ही कापले. आज तपासणी आहे ना?"

मॅडमनी कठड्याला धरलं. आसाबेआने दुसऱ्या रांगेत खांद्यावरच्या कापडाचं टोक तोंडात कोंबलं.

"मूर्ख मुलींनो," मॅडम शेवटी म्हणाल्या, "मी वेणीवाली शोधत होते! माझ्यासाठी!" आणि त्यांनी रुमाल सोडला.

तीनशे बारा माना वर झाल्या. उंच खिडक्यांतून ऊन आलं होतं आणि त्यात तो अंबाडा रुप्यासारखा चमकत होता. सव्वीस वर्षं पोटात टिकटिकणारं घड्याळ आता थांबेल, असं मॅडमना वाटलं. तेवढ्यात मागच्या एका रांगेतून, हलक्या पण स्वच्छ आवाजात कुणीतरी शेजारणीला म्हणालं, "आधीच्या टोपापेक्षा हा कितीतरी चांगला आहे, नाही गं?"

"लंडनचा असेल," शेजारीण म्हणाली.

दुसरी कुणी असती तर तिथेच रडली असती. ओफोरीवा मॅडमनी ताठ मानेने सभागृहभर नजर फिरवली.

"रांग करा," त्या म्हणाल्या. "वर्षाप्रमाणे. जुनी तुकडी पुढे. एकेकीने वर यायचं, वेणी धरायची आणि ओढायची. मुळापासून. कुणी लाजायचं नाही."

न्यायाधीशबाईंनी आधी दोन बोटांनी हलकेच धरून पाहिलं. "ओढ!" मॅडम ओरडल्या. "ही काय साक्ष घेतेस?" मग न्यायाधीशबाईंनी ओढलं. वेणी तसूभर हलली नाही, मॅडमची मान मात्र हलली. "पुढची!"

गिफ्टीने ओढलं, डॉक्टरणीने ओढलं, आमदारांनी दोघींनी मिळून ओढलं. बिशपसाहेब घड्याळ बघत होते आणि बँडवाले एकच गत पुन्हा पुन्हा वाजवत होते. ओतुबिया आजी भिंतीला टेकून शेंगा खात होती. "ओढा, ओढा," ती म्हणत होती, "हात माझा आहे." एकशे बाराव्या नंबरला माविस आली. तिने आपल्या भुंड्या डोक्यावरून एकदा हात फिरवला, अंबाडा दोन्ही हातांनी धरला, पाय रोवले आणि अकरा वेळांचा हिशेब एका झटक्यात मनात आणून असा काही ओढला की निळ्या काब्याची झालर जमिनीपासून दोन इंच वर उचलली गेली. ज्यांनी पाहिलं ते आजही शपथेवर सांगतात. मॅडम खाली आल्या तेव्हा अंबाडा जागच्या जागी होता.

माविसने आपल्या हातांकडे पाहिलं. मग ती सभेकडे वळून घसा फाडून ओरडली, "खरे आहेत गं! खरेच आहेत!"

सगळं सभागृह दणाणलं. टाळ्या, शिट्ट्या, बाकांवर थापा. एकतीस वर्षांत या शाळेत मॅडमसाठी असं कधी झालं नव्हतं. दोघीतिघी तर ओतुबिया आजीकडे धावल्या, "आजी, आमच्याही घाला ना," म्हणून. आजीने त्यांच्या डोक्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "कशाच्या?"

मॅडमच्या गालांवरून पाणी घळाघळा वाहत होतं. डोक्यामुळे की आणखी कशामुळे, ते त्यांनी कुणाला विचारू दिलं नाही. त्यांनी हात वर केला आणि सभागृह जागच्या जागी गप्प झालं.

"टाळ्या नंतर," त्या म्हणाल्या. "रांग कुणी मोडली? अजून दोनशे जणी राहिल्यात."